मालकी पुण्याची, क्लब ब्लॅकबर्नचा

लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नशी विदर्भाची ओळख फुटबॉलच्या आधीची, कापसाची आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशरला मिळेनासा झाला आणि तिथल्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे डोळे लावले. वऱ्हाडचा, हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या नजरेत भरला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस इथून जायचा आणि ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेली धोतरं हिंदुस्थानच्या बाजारात विकायला यायची. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याआधी दोन वर्षं, १८७५ मध्ये, ब्लॅकबर्नमध्ये रोव्हर्स हा फुटबॉल क्लब जन्माला आला होता.

सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ ज्यांना बसली, त्याच गिरणी कामगारांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. पुढे गिरण्या तिथेही बंद पडल्या आणि इथेही. एम्प्रेसच्या जागेवर आज मॉल आहे. ब्लॅकबर्नला मात्र गिरण्यांच्या काळातली एक गोष्ट अजून जिवंत आहे, ती म्हणजे रोव्हर्स.

घरचा मालक, दूरचा मालक

१८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग ज्या बारा क्लबांनी सुरू केली, त्यांत रोव्हर्स होता. १८९० पासून त्याचं मैदान एकच, ईवूड पार्क. गावातलाच एक पोलाद व्यावसायिक, जॅक वॉकर, याने लहानपणापासूनच्या या आवडत्या क्लबात पैसा ओतला. मॅनेजर केनी डाल्ग्लिशच्या हाताखाली, ॲलन शिअररच्या गोलांवर १९९५ मध्ये रोव्हर्सने प्रीमियर लीग जिंकली. एवढ्याशा गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकलं. वॉकर २००० मध्ये वारला, पण मालक कसा असावा याचं ब्लॅकबर्नच्या मनातलं माप त्याने ठरवून टाकलं होतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब पुण्याच्या वेंकीजने घेतला. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेला हा कुक्कुटपालनातला बलाढ्य उद्योगसमूह. त्यांची कन्या अनुराधा देसाई आणि मुलं वेंकटेश व बालाजी राव यांनी २ कोटी ३० लाख पौंड मोजले आणि क्लबवरचं कर्जही अंगावर घेतलं. महाराष्ट्रातल्या एका घराण्याच्या हाती इंग्लंडचा माजी विजेता आला, याचं आपल्याला अप्रूप वाटणं स्वाभाविक होतं. पण महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम ॲलार्डाइस यांना काढलं गेलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता. त्यांच्या जागी आले त्यांच्याच हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन.

७ मे २०१२ रोजी ईवूड पार्कवर विगनविरुद्धचा सामना रोव्हर्सने ०-१ असा गमावला आणि अकरा वर्षांनी संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्या सामन्यात कुणीतरी रोव्हर्सचा झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली. खेळाडू तिच्यामागे धावले, ते चित्र जगभर गेलं. मालकांच्या धंद्यावरचा तो टोमणा होता खरा, पण त्यामागे आपलं कुणी ऐकत नाही ही गावाची वेदना होती.

शेहेचाळीस सामन्यांची परीक्षा

इंग्लंडची दुसरी श्रेणी म्हणजे चॅम्पियनशिप. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. ऑगस्टपासून मेपर्यंत पाऊस, चिखल, थंडीत अनेकदा आठवड्याला दोन-दोन सामने. पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जातात, तिसरा ते सहावा त्या काळी प्लेऑफमध्ये आपसांत झुंजून एक जागा मिळवत, शेवटचे तीन खाली जातात. वर गेलं की दूरचित्रवाणीच्या हक्कांचा प्रचंड पैसा, म्हणून बहुतेक मालक ऐपतीबाहेर खर्च करतात. पुढे तोट्यावर मर्यादा घालणारे नियम आले आणि डिसेंबर २०१४ मध्ये रोव्हर्सवरच खेळाडू खरेदीची बंदी आली.

२०१२-१३ च्या हंगामात वेंकीजने हात आखडता घेतला नाही. हडर्सफील्डकडून जॉर्डन ऱ्होड्स हा गोल करणारा गडी ८० लाख पौंडांना आणला. त्याने लीगमध्ये २७ गोल केले. एवढं असूनही हंगाम विस्कटला, कारण सुकाणूवर कुणी टिकलंच नाही. सप्टेंबरच्या अखेरीस कीन यांनी राजीनामा दिला. काही दिवस एरिक ब्लॅक यांनी कारभार पाहिला. १९९५ च्या विजेत्या संघातले हेनिंग बर्ग आले आणि १० सामन्यांत एकच विजय मिळवून ५७ दिवसांत गेले. उरलेल्या कराराचे पैसे मिळावेत म्हणून ते न्यायालयात गेले आणि क्लबला सुमारे साडेबावीस लाख पौंड द्यावे लागले. मग मायकेल ॲपलटन आले, तेही ६७ दिवसच टिकले. मध्ये आणि शेवटी क्लबमधलेच गॅरी बॉयर यांनी डोलारा सावरला.

याच हंगामात १६ फेब्रुवारी २०१३ ला रोव्हर्स एफए कपसाठी लंडनला आर्सेनलच्या मैदानावर उतरला. पूर्ण सामना बचावात गेला. ७२ व्या मिनिटाला रोव्हर्सच्या मार्टिन ओल्सनचा फटका गोलरक्षकाने परतवला, चेंडू काझिम-रिचर्ड्सपुढे आला, त्याचा फटका नीट बसलाही नाही, पण चेंडू खांबाला लागून आत गेला. तो एक गोल रोव्हर्सने शेवटपर्यंत राखला. संघात जीव होता, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. लीगमध्ये मात्र ५८ गुण आणि सतरावं स्थान. त्या वर्षी ५४ गुण मिळवणारा पीटरबरो खाली गेला. म्हणजे रोव्हर्स अवघ्या चार गुणांनी वाचला.

पुढच्या हंगामात बॉयर यांना कायम केलं. मालक तेच, ऱ्होड्सही तोच. संघ आठवा आला, प्लेऑफपासून दोनच गुण दूर. २०१७ मध्ये क्लब केवळ गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ही पाळी प्रथमच आली. या वेळी मात्र मालकांनी मॅनेजर टोनी मोब्रे यांना हलवलं नाही. त्यांनी ९६ गुण मिळवून एका वर्षात संघ परत आणला आणि २०२२ पर्यंत ते तिथेच राहिले. माझ्या मते वेंकीजच्या साऱ्या कारकिर्दीचा धडा बॉयर आणि मोब्रे यांच्या या दोन नोंदींत आहे: जेव्हा जेव्हा माणूस टिकू दिला, तेव्हा तेव्हा संघ सावरला.

हिशेब दोन्ही बाजूंचा

न्यायाने सांगायचं तर वेंकीजने आजवर २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम क्लबात घातली आहे आणि त्यातून नफा काढलेला नाही. मध्यंतरी परकीय चलनाच्या चौकशीमुळे इथून पैसा पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. त्याच परिसरातला, १८८५ सालचा बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाअभावी लीगबाहेर फेकला गेला. रोव्हर्सवर ती वेळ आली नाही, याचं श्रेय पुण्याला द्यायलाच हवं. पण मालकांचं ईवूड पार्कवर येणंच जवळपास थांबलं. लोकांची तक्रार आहे ती या अबोल्याची. एकेका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढलेल्या गावाला बँकेतून आलेला पैसा दिसत नाही, समोर बसलेला माणूस दिसतो.

नागपूरकराला हे पटायला हरकत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' त्याच कामावर बेतला आहे. बारसे सरांकडे कोट्यवधी पौंड नव्हते. ते रोज मैदानावर जात राहिले आणि पोरांना नावानिशी ओळखत राहिले.

महाराष्ट्रातले उद्योगपती उद्या आणखी क्लब घेतील, परदेशात घेतील, इथेही घेतील. घ्यावेतच. फक्त सही करताना एवढं ठरवावं, की मॅनेजरला निदान दोन हंगाम द्यायचे आणि वर्षातून काही शनिवार तरी त्या गावच्या लोकांत बसून सामना पाहायचा. फुटबॉलमध्ये मालकाच्या या दोन खर्चांची जागा तिसरा कुठलाच खर्च घेऊ शकत नाही.