पावसात झाडावरून उतरताना : दोर तुटत नाही, घसरतो

मृग लागण्यापूर्वी छाटायच्या राहून गेलेल्या फांद्या गोव्यात दरवर्षी जुलैमध्ये आठवतात. कौलांवर वाकलेला आंबा, वीजवाहिनीला टेकलेला गुलमोहर, रस्त्यावर ओणवलेले रेन ट्री. एखाद्या रात्री वारा सुटतो आणि सकाळी घरमालक झाडावर चढणाऱ्या माणसाला बोलावणे धाडतो. कुळागरांत तर भर पावसाळ्यात चढणे चुकतच नाही. पोफळीवरील कोळेरोगाला आवर घालणारी बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाच्या उघडिपीतच उरकावी लागते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणाऱ्या प्रदेशात ‘कोरडे झाड मिळेपर्यंत थांबा’ हा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे कठीण.

पाडेली पिढ्यान्‌पिढ्या हातापायांच्या पकडीवर आणि पायातील फासावर चढत आले. मोठ्या, फांद्या पसरलेल्या झाडांच्या छाटणीत मात्र आता हार्नेस, नायलॉनचा दोर आणि डिसेंडर हे गिर्यारोहणातून आलेले साहित्य हळूहळू दिसू लागले आहे. डिसेंडर म्हणजे दोर ज्यातून वळणे घेत जातो असे धातूचे साधन. आठाच्या आकड्यासारखे दिसणारे कडे हा त्याचा सर्वांत साधा प्रकार. मूठ सोडताच दोर आपोआप आवळून धरणारी साधने हा महागडा प्रकार. दोहोंचे तत्त्व एकच, घर्षण. माणूस दोराला लटकतो आणि दोर व धातू यांच्यातील घर्षण त्याचा वेग आवरून धरते. याला रॅपलिंग म्हणतात. पाऊस नेमका या घर्षणावरच घाला घालतो.

ओल्या दोराविषयीची सर्वसाधारण भीती ही की तो तुटेल. ती पूर्णपणे खोटी नाही, परंतु चुकीच्या जागी लागलेली आहे. नायलॉन पाणी शोषतो आणि ओला असताना त्याची ताकद साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. तथापि उंचावरील कामासाठीच्या युरोपीय मानकानुसार बनलेला, कमी ताणणारा ‘ए’ वर्गातील दोर किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो वजनाइतका ताण सोसतो. साहित्यासह माणसाचे वजन ८० किलो धरले, गाठीमुळे होणारी घट वजा केली आणि वर पाण्यामुळे होणारीही वजा केली, तरी शांतपणे लटकणाऱ्या माणसासाठी पुष्कळ ताकद शिल्लक राहते. प्रश्न येतो तो झटक्याचा. गिर्यारोहणाच्या दोरांवरील चाचण्यांत ओल्या दोराची एकामागून एक झटके सोसण्याची क्षमता निम्म्याहूनही खाली गेल्याचे आढळले आहे. म्हणून पावसात दोर कधीही सैल ठेवू नये. ढिला दोर घेऊन वरच्या फांदीवर उभे राहायचे आणि पाय घसरला की दोर सांभाळून घेईल असे मानायचे, हा हिशेब ओल्या दोराबाबत फार महागात पडू शकतो.

घर्षणाचे गणित मात्र पाहण्यासारखे आहे. दोर धातूभोवती जितकी वळणे घेतो तितके घर्षण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. समजा, कोरड्या दोरावर एखादा डिसेंडर हाताचा जोर आठपट करतो. म्हणजे ८० किलोचा माणूस पेलण्यासाठी खालच्या हाताला १० किलोचा ताण धरावा लागतो. आता ओलीमुळे घर्षणगुणांक केवळ एक चतुर्थांशाने कमी झाला असे धरू. आठपटीचे प्रमाण सहापटीवर येईल असे वाटते. प्रत्यक्षात ते पाचाच्याही खाली घसरते आणि हाताला जवळजवळ १७ किलो धरावे लागतात, तेही ओल्या हातमोज्याने. कालपर्यंत सहज आवरणारा दोर आज हातातून सरकत का सुटतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे. नवा, गुळगुळीत दोर आणि बारीक दोर यांच्या बाबतीत परिस्थिती आणखी नाजूक असते.

यावर उपाय आहेत आणि ते फारसे खर्चिक नाहीत. आठाच्या कड्यात दोर जाताना आणखी एक वळण देता येते किंवा हार्नेसवर दुसरा कॅराबिनर लावून खालचा दोर त्यातून वळवून घेता येतो. दुसरा, अधिक मोलाचा उपाय म्हणजे डिसेंडरच्या खाली दोराभोवती बारीक दोरीची आवळगाठ बांधून ती हार्नेसला जोडणे. हात सुटला तर ही गाठ आवळते आणि माणूस जागच्या जागी थांबतो. अशा गाठींतील सर्वांत प्रसिद्ध असलेली प्रुसिक गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली मांडली. गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक असावी लागते. ११ मिलिमीटरच्या दोरावर ६ ते ७ मिलिमीटरची दोरी ठीक. पावसात तिचेही वागणे बदलते. कधी ती भिजून इतकी आवळते की सैल करता येत नाही, कधी शेवाळ व चिखल लागलेल्या दोरावरून सरळ घसरते. एक वेढा वाढवावा की नाही, हे जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून, त्याच ओल्या दोरावर तपासूनच ठरवावे. स्वयंचलित साधनांनाही हाच नियम लागू होतो. ती दोराच्या ठरावीक जाडीसाठीच बनवलेली असतात आणि चिखलाने माखलेल्या दोरावर त्यांची पकड ढिली पडू शकते. ‘मशीन आहे, हात सोडला तरी चालेल’ हा विश्वास पावसाळ्यात तरी बाळगू नये.

पाण्याचा एक गुणही येथे सांगायला हवा. ७० किलोचा माणूस १२ मीटर उतरतो तेव्हा सुमारे आठ हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तिचा बराचसा वाटा डिसेंडरमध्ये जातो. म्हणूनच कोरड्या दिवसांत भरभर उतरलेल्या माणसाला ते कडे हाताला चटका देते. ओल्या दोरातील पाणी ही उष्णता शोषून घेते. पण नायलॉन वितळायला दोनशेहून अधिक अंश सेल्सिअस लागतात, आणि मच्छीमारी जाळ्यांसह विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्लास्टिक दोरांची गोष्ट वेगळी आहे. पॉलिप्रोपिलीन साधारण १६० अंशांच्या आसपास आणि पॉलिएथिलीन त्याहूनही कमी तापमानाला वितळते. ट्रॉलरवर हे दोर उत्तम, कारण ते पाण्यावर तरंगतात आणि कुजत नाहीत. परंतु ते निसरडे असतात, त्यांच्यातील गाठ सरकते आणि उन्हाने ते ठिसूळ होतात. जेटीवर स्वस्तात मिळतो म्हणून असा दोर माणसाच्या जिवासाठी वापरणे ही काटकसर नव्हे. फांदी खाली सोडण्यासाठी तो वापरावा, माणूस सोडण्यासाठी नाही.

दोर आणि डिसेंडर निर्दोष असले तरी सर्व भार शेवटी झाडावरच येतो आणि पावसाळ्यात झाडाचीच खात्री सर्वांत कमी असते. जांभ्या दगडावरील पातळ मातीत मुळे आडवी पसरतात. चार दिवस सतत पाऊस झाला की ती माती चिखल होते. बुंध्याच्या एका बाजूला जमिनीला भेग पडली असेल, माती उचलली गेली असेल किंवा झाड पूर्वीपेक्षा अधिक कलले असेल, तर त्या झाडावर चढूच नये. बुंध्यावर छत्र्यांसारखी किंवा फळ्यांसारखी बुरशी उगवलेली दिसणे हे आतील लाकूड कुजल्याचे लक्षण असते. हा एक इशारा पावसाळा स्वतःहून देतो, कारण ती बुरशी याच दिवसांत वर येते. गुलमोहराचे लाकूड मुळातच ठिसूळ, शेवग्याचे त्याहून अधिक. माडाच्या झावळीचा देठ कितीही जाड दिसला तरी त्याला दोर अडकवण्याचा विचारही करू नये. तो केव्हाही गळून पडण्यासाठीच बनलेला आहे.

दोर वरच्या बेचक्यातून टाकून त्याचे दुसरे टोक बुंध्याला बांधण्याची पद्धत सोयीची म्हणून रूढ आहे. तिच्यातील मेख मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. ८० किलोचा माणूस एका बाजूला लटकला की दुसऱ्या बाजूचा दोरही खाली ओढतो, त्यामुळे बेचक्यावर माणसाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार पडू शकतो. कोरड्या, खरबरीत सालीवरील घर्षण त्यातला काही भाग खाऊन टाकते. ओली, शेवाळलेली साल तो खात नाही. म्हणजे ज्या दिवशी फांदी पाण्याने जड झालेली असते, त्याच दिवशी तिच्यावरचा दोराचा भारही वाढतो. म्हणून चढण्यापूर्वी दोन माणसांनी मिळून दोराला लोंबकळून फांदी तपासावी. तीही केवळ हलके वजन टाकून नव्हे, तर थोडे हेलकावे देऊन, आणि फांदीच्या बरोबर खाली उभे न राहता.

कोयता आणि करवत यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ताणलेला दोर धारदार पात्याच्या नुसत्या स्पर्शाने कापला जातो, आणि निसटत्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाचा हात चुकण्याची शक्यता पावसात अधिक. काप घालताना मुख्य दोराव्यतिरिक्त झाडाभोवती दुसरा स्वतंत्र पट्टा असलाच पाहिजे. दोराच्या खालच्या टोकाला मोठी गाठ मारावी, हेही सांगून ठेवायला हवे. नायलॉनचा नवा दोर पहिल्यांदा भिजून सुकल्यावर आखडतो, त्यामुळे दुकानातून मोजून आणलेला ३० मीटरचा दोर पहिल्या पावसानंतर ३० मीटर राहत नाही. जमीन हातभर राहिली असताना टोक डिसेंडरमधून निसटले, अशी वेळ याच कारणाने येते.

आता वीज. कोरडा नायलॉन वीज फारशी वाहून नेत नाही. पावसात भिजलेल्या दोराचा मात्र तसा भरवसा धरता येत नाही, आणि मिठाचा अंश असलेल्या किनारपट्टीवर तर मुळीच नाही. झाडाची ओली फांदी वाहिनीला लागलेली असेल, तर दोर, माणूस आणि खाली दोर धरून उभा असलेला सोबती अशी तिघांची साखळी तयार होते. अशा झाडावर वीज खात्याकडून पुरवठा बंद झाल्याचे प्रत्यक्ष कळेपर्यंत कोणी चढू नये. शेजाऱ्याने ‘दिवे गेले आहेत’ असे सांगणे पुरेसे नाही, कारण गेलेले दिवे परतही येतात. आकाशात गडगडाट ऐकू आला की अर्धवट तुटलेली फांदी तशीच सोडून खाली यावे.

खाली सोबती हवाच, तोही दोर हाताळता येणारा. एखाद्या माणसाला फटका बसून तो हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला, तर पायांत रक्त साचून काही मिनिटांतच त्याची प्रकृती गंभीर होऊ शकते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दाराशी येते, झाडावर येत नाही. माणसाला वरून खाली कसा आणायचा, याची तयारी चढण्याआधीच झालेली असली पाहिजे.

काम संपल्यावर भिजलेला दोर गुंडाळून स्कूटरच्या डिकीत कोंबण्याची सवय सार्वत्रिक आहे. बॅटरीचे आम्ल नायलॉनचा घात करते आणि तो घात बाहेरून दिसतही नाही. दोर गोड्या, थंड पाण्याने धुऊन सावलीत, हवेशीर जागी टांगावा. ऊन नको, चुलीची ऊब नको, लोखंडी गजही नको. सुकल्यावर त्याचा प्रत्येक हातभर भाग बोटांतून सरकवून पाहावा. कुठे मऊ खळगा लागला, कुठे आवरणाखालचा गाभा तुटक वाटला, कुठे चकाकी येऊन कडक झाले, तर तो दोर माणसासाठी संपला. ॲल्युमिनियमच्या कड्यावर चिखलातील वाळू खाच पाडते. ती खाच धारदार झाली की पुढच्या उतरणीला तीच दोराचे आवरण सोलते.

एवढे साहित्य आणि इतकी खबरदारी यांचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतोच. झाडाखाली उभा राहून ‘एवढीच एक फांदी आहे’ म्हणणारा घरमालक कामाची मजुरी ठरवतो, तेव्हा त्यात दोराची किंमत नसते आणि दुसऱ्या माणसाची रोजंदारीही नसते. पाऊस थांबेपर्यंत दोन दिवस काम लांबले तर मजुराची ती दोन दिवसांची कमाईही बुडते. हे सर्व ठरायचे ते अंगणात, भाव होत असताना. दोर वर टाकला गेल्यानंतर नाही.