संगणक ओळखत नसलेली हार्ड डिस्क आणि तिच्यातील मराठी

मराठीच्या अभ्यासाची साधने कोणती, असे विचारले तर आपण शिलालेख, ताम्रपट, पोथ्या, बखरी, मोडी कागदपत्रे आणि छापील ग्रंथ यांची नावे घेतो. या यादीत आता जुन्या हार्ड डिस्कचीही भर घालावी लागेल. साधारणपणे १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत मराठीत जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग डीटीपीच्या संगणकांवर टंकित झाला. त्यातले जे छापून आले ते ग्रंथालयांत पोहोचले. जे छापले गेले नाही, म्हणजे शब्दसंग्रह, मुलाखतींची टिपणे, बोलींचे नमुने, अपुरे राहिलेले प्रबंध, ते त्या संगणकांतच राहिले. ते संगणक आज माळ्यावर धूळ खात आहेत किंवा भंगारात गेले आहेत.

या घटकात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे असा मजकूर कसा सोडवून घ्यावा, हे पाहू. उदाहरण कसबा पेठेतले आहे. पुण्याच्या या सर्वांत जुन्या पेठेत तांबट आळी आहे. हंडे, घंगाळी, बंब घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन त्याला बळकटी आणि चकाकी आणण्याच्या कामाला तिथे मठारकाम म्हणतात. आळीजवळच्या एका वाड्यात डीटीपीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांनी २००१ च्या सुमारास शेजारच्या वृद्ध कारागिरांकडून धंद्यातले शब्द ऐकून टिपून ठेवले होते: हत्यारांची नावे, ठोक्यांचे प्रकार, भांड्यांच्या अवयवांची नावे, आणि गिऱ्हाईक समोर असताना आपापसांत वापरायचे सांकेतिक शब्द. पुढे सांगणारे कारागीर राहिले नाहीत आणि टिपून घेणारे गृहस्थही वारले. वाडा पुनर्विकासाला जाणार म्हणून माळा रिकामा करताना संगणकाची पेटी खाली आली. त्यांच्या मुलाने आतली डिस्क काढून आपल्या नव्या संगणकाला जोडून पाहिली, पण पडद्यावर काहीच उमटले नाही. त्या शब्दांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

‘संगणक डिस्क ओळखत नाही’ हे विधान आपण सरसकट करतो. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या स्थितींना लागू पडते. डिस्क फिरतच नसेल, ही एक स्थिती. ती फिरते पण संगणकापर्यंत तिचा संदेश पोहोचत नाही, ही दुसरी. संदेश पोहोचतो पण आतली मांडणी संगणकाला कळत नाही, ही तिसरी. फाइल उघडते पण वाचता येत नाही, ही चौथी. आणि मराठीच्या विद्यार्थ्याचे खरे काम तिथूनच सुरू होते. परक्या भाषेतले बोलणे ऐकताना आवाजच न येणे, आवाज येऊन शब्द न कळणे आणि शब्द कळून अर्थ न लागणे यांत जसा फरक आहे, तसाच हा. उपाय करण्याआधी आपण कोणत्या पायरीवर अडलो आहोत ते ठरवावे.

त्यासाठी प्रथम डिस्कचा आवाज ऐकावा. डिस्कच्या आत धातूच्या किंवा काचेच्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत असतात आणि त्यांवरून वाचणारी सुई, जिला हेड म्हणतात, चकतीला न टेकता तरंगत जाते. हे अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. संथ, अखंड गुणगुण ऐकू आली तर आशा आहे. ठरावीक अंतराने ‘टक टक’ असा आवाज आला तर हेड आपली जागा शोधू शकत नाही असे समजावे आणि वीज लगेच बंद करावी. प्रत्येक फेरीत चकती ओरखडली जाण्याचा धोका असतो. अशी डिस्क धूळविरहित खोलीत काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. घरी झाकण उघडू नये. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा उपायही अनेक जण सुचवतात. तो करू नये, कारण बाहेर काढताच गार चकत्यांवर दव धरते.

आवाज चांगला असेल तर जोडणी पाहावी. सुमारे २००३ पर्यंतच्या घरगुती संगणकांत रुंद पट्टीसारख्या तारेची, ४० पिनांची आयडीई जोडणी असे. त्यानंतर साटा ही अरुंद जोडणी आली. आजच्या संगणकांत आयडीईसाठी जागाच नसते. यूएसबीत रूपांतर करणारा ॲडॅप्टर घ्यावा लागतो, आणि तो घेताना एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ५ व्होल्ट पुरतात. टेबलावरच्या संगणकाच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीच्या साध्या तारेतून मिळत नाहीत. आमची डिस्क याच कारणाने मुकी होती. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून वेगळ्या वीजपुरवठ्यासह ॲडॅप्टर आणला, मागची छोटी जंपर ‘मास्टर’ या खुणेवर बसवली, आणि डिस्क फिरू लागली.

त्यानंतर पडद्यावर एक सूचना आली, आणि याच ठिकाणी सर्वाधिक मजकूर कायमचा नष्ट होतो. विंडोज विचारते: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची आहे का? प्रश्न इतक्या सौजन्याने विचारलेला असतो की माणूस ‘हो’ म्हणून टाकतो. एका दुरुस्तीवाल्याने या मुलाला तसा सल्लाही दिला होता. सुदैवाने त्या दिवशी दुकानात गर्दी होती. फॉरमॅट म्हणजे काय, हे ग्रंथालयाच्या उपमेने कळेल. डिस्कवर पुस्तके असतात, तशीच त्यांची तालिकाही असते. तालिका बिघडली तर पुस्तके जागेवर असूनही ग्रंथपालाला सापडत नाहीत. झटपट फॉरमॅट करणे म्हणजे जुनी तालिका मोडीत काढून कोरी तालिका ठेवणे. पूर्ण फॉरमॅट तर, विंडोज व्हिस्टापासून पुढे, प्रत्येक जागी शून्य लिहून पुस्तकेही पुसून टाकतो. म्हणून फॉरमॅट किंवा ‘इनिशियलाइझ’ असा शब्द दिसला की उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क दिसत असून तिला केवळ अक्षर मिळालेले नसेल तर अक्षर देताच काम भागते. तेवढे पाहून घ्यावे. विभाग ‘रॉ’ असा दिसला तर तालिका बिघडली आहे.

अशा वेळी मूळ डिस्कवर काहीही न लिहिता आधी तिची संपूर्ण प्रत करावी. हस्तलिखितांच्या संपादनात मूळ पोथीवर आपण पेन्सिलही टेकवत नाही. छायाप्रतीवर खुणा करतो. तोच नियम इथे आहे. लिनक्सवर चालणारी डीडीरेस्क्यू ही विनामूल्य प्रणाली हे काम उत्तम करते. ती आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडणाऱ्या जागांपाशी रेंगाळत नाही, आणि कोणता भाग मिळाला व कोणता राहिला याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये नोंदवते. मग राहिलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. काम मध्येच थांबले तरी नकाशावरून पुढे चालू करता येते. आमच्या डिस्कला एक रात्र लागली.

पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर. टेस्टडिस्क ही प्रणाली हरवलेले विभाग आणि तालिका पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न करते. ते साधले नाही तर तिचीच जोडीदार फोटोरेक वापरावी. ती तालिकेकडे पाहतच नाही. चकतीवरचे बाइट ओळीने वाचत जाते आणि फाइलींच्या आरंभखुणा शोधते. वर्डच्या जुन्या फाइलीची सुरुवात सोळा-आधारी अंकांत डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य अशी होते. हे अंक रोमन अक्षरे समजून वाचले तर ‘डॉकफाइल’सारखे काहीतरी दिसते, रचणाऱ्यांनी केलेली ती गंमत आहे. अशी सापडलेली फाइल आशयासह येते, पण तिचे नाव आणि फोल्डर हरवते. ग्रंथालयातल्या मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तकांची ही रास आपणच वाचून लावायची असते.

आता चौथ्या पायरीकडे वळू. आमची फाइल मिळाली, उघडली, आणि पडद्यावर स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे, अपूर्णांक आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसली. फाइल बिघडली असे समजून अनेक जण इथे निराश होतात. फाइल शाबूत असते. तिची लेखनव्यवस्था आपल्याला परकी असते.

त्या काळच्या फॉन्टमध्ये एका अक्षरासाठी एक बाइट, म्हणजे एकूण २५६ जागा उपलब्ध होत्या. त्यांतल्या पहिल्या १२८ रोमन लिपीच्या संकेताने व्यापलेल्या. मराठीची बाराखडी आणि जोडाक्षरे त्यांत मावणे शक्य नव्हते. म्हणून फॉन्ट रचणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे केले: अर्धा ग, दंड, वेलांटी, रफार, मात्रा. हे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची वाटणी वेगळी. डोळ्यांना मराठी दिसे. संगणकाच्या दृष्टीने ते मराठी नव्हतेच.

भाषाभ्यासकाला यातली मोठी गोष्ट क्रमाची आहे. ‘निर्मिती’ हा शब्द आपण न, इ, र, म, इ, त, ई अशा क्रमाने उच्चारतो आणि युनिकोडमध्ये तो याच क्रमाने साठवला जातो. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्यांना दिसतो तसा साठवलेला असे: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, म, त्यानंतर रफार, त आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे एकीकडे उच्चारक्रम, दुसरीकडे दृश्यक्रम. उच्चारक्रमाचा विचार भारतात आधीच झाला होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेला इस्की हा संकेत याच तत्त्वावर आहे, आणि युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. तरीही छपाईच्या धंद्याने दृश्यक्रम पत्करला, कारण त्याला पान छापायचे होते. शब्द शोधायचे किंवा अकारविल्हे लावायचे नव्हते. कोशकाराला नेमके तेच हवे असते.

फाइल वाचण्याचा पहिला उपाय म्हणजे तोच फॉन्ट मिळवणे. तो बहुधा त्याच डिस्कवर विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असतो. म्हणून केवळ लेखन नव्हे, फॉन्टही उतरवून घ्यावेत. फॉन्ट लावला की मजकूर दिसतो, पण तो टिकाऊ करण्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर हवे. रूपांतरक प्रणाली मिळतात. त्यांचे काम मात्र मुद्रितशोधकाच्या नजरेने तपासावे लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. रूपांतरक चंद्रकोरीसारखा ‘र’ बऱ्याचदा रफारात बदलतो. आमच्या यादीत न वापरलेल्या भांड्याला लागणारा ‘कोऱ्या’ हा शब्द जागोजागी ‘कोर्या’ झाला होता. ‘ॲ’ची गोष्ट वेगळी. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; जुने रूपांतरक ‘अ’वर चंद्र ठेवून तेच साधतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, शोध घेताना मात्र एकाला दुसरे सापडत नाही.

करून पाहा : ‘चरवी’, ‘चंबू’, ‘झारी’ हे शब्द मोठ्याने उच्चारा. पहिला वर्ण ‘चार’मधल्यासारखा तालव्य आहे की ‘चारा’मधल्यासारखा दंतमूलीय? घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे उत्तर तुमच्या उत्तराशी जुळते का?

हा प्रश्न मुद्दाम विचारला आहे. देवनागरी मराठीत हा भेद लिहिला जात नाही. ‘जग’ हे नाम आणि ‘जग’ ही आज्ञा कागदावर एकच दिसतात. त्या गृहस्थांचे भाषाशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. तरी रूपांतरित यादी वाचताना मला काही बाइट फाजील वाटले. मूळ फाइल जुन्या फॉन्टमध्ये उघडली, तेव्हा कित्येक ‘च’ आणि ‘ज’ यांच्या खाली नुक्ता दिसला. कारागिरांच्या तोंडून आलेला दंतमूलीय उच्चार त्यांनी प्रत्येक ठिकाणी टिंबाने नोंदवला होता. मराठीत नुक्ता अपेक्षित नसल्याने रूपांतरकाने तो निरर्थक समजून गाळला होता. मूळ फाइल आम्ही पुसली असती तर शब्द राहिले असते आणि उच्चार गेले असते. ती टिंबे आम्ही हाताने परत बसवली. त्याला तीन रविवार लागले.

कागदाचेही नुकसान होतेच. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांत पाणी शिरले होते. पण ओला कागद हातात धरून काय गेले आणि काय उरले ते सांगता येते. डिस्क बाहेरून अखेरपर्यंत धडधाकट दिसते. शिवाय ती वाचणारे यंत्रही टिकावे लागते. ब्रिटनमध्ये १०८६ ची डोम्सडे नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये केलेल्या प्रकल्पाच्या लेसर तबकड्या मात्र पंधरा वर्षांतच वाचेनाशा झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. मोडीची कागदपत्रे समोर असून वाचणारे दुर्मीळ होतात, तशीच ही अवस्था.

कसब्यातल्या त्या डिस्कवरून हत्यारांची आणि भांड्यांची यादी पूर्ण मिळाली. ठोक्यांच्या प्रकारांची फाइल दोन भागांत मिळाली. ती जोडता आली. सांकेतिक शब्दांची फाइल डिस्कच्या खराब भागात होती. तिची पहिली दीड पाने वाचता आली, पुढे रिकामे सेक्टर आहेत. डीडीरेस्क्यूचा नकाशा आणि मूळ डिस्क त्या मुलाने जपून ठेवली आहे. यादीची एक छापील प्रत तांबट आळीतल्या एका दुकानात आहे, आणि तिथले सध्याचे कारागीर ती वाचून समासात दुरुस्त्या लिहीत आहेत.