कोण गेलं रे?

गेल्या १५ ऑगस्टची सकाळ. सुट्टीचा दिवस, त्यामुळे अर्धी सोसायटी डोळे चोळतच खाली आलेली. सेक्रेटरींनी दोरी ओढली, तिरंगा सरसर वर गेला आणि... अर्ध्यावर अडकला! कप्पी जाम. ओढाओढ सुरू झाली, तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी खिडकीतून घाबरून विचारलं, ‘‘कोण गेलं रे?’’

हसू नका, आजींचं काहीच चुकलं नव्हतं. झेंडा टोकाला म्हणजे मान, अर्ध्यावर म्हणजे दुखवटा! आणि दुखवट्यातही तो थेट अर्ध्यावर नेत नाहीत. आधी टोकापर्यंत न्यायचा, मग खाली घ्यायचा. उतरवण्याआधी पुन्हा एकदा टोकाला. एरवीचा फंडा सोपा आहे: चढवायचा झपकन, उतरवायचा सावकाश. त्याच काठीवर दुसरा झेंडा नको. काठीच्या टोकावर हार-फुलंही नकोत.

आता जरा फ्लॅशबॅक. २००२पर्यंत तुम्हा-आम्हाला ठरावीक दिवस सोडले तर घरावर तिरंगा लावायची मुभाच नव्हती. उद्योजक नवीन जिंदल यांना कारखान्याच्या ऑफिसवर झेंडा लावण्यापासून अडवलं गेलं, तेव्हा ते कोर्टात गेले. २६ जानेवारी २००२ला नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि वर्षभराची परवानगी मिळाली. २३ जानेवारी २००४ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की मानानं तिरंगा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२२पासून तर तो घरावर रात्रीही ठेवता येतो.

मग काय, उंचीची स्पर्धाच लागली! कोल्हापुरात ३०३ फुटी ध्वजस्तंभ उभा राहिला. अटारी सीमेवर २०१७मध्ये ३६० फुटी उभारला, पण तिथल्या वाऱ्यानं झेंडा वारंवार फाटू लागला. उंच काठी म्हणजे खाली राबणारे हातही जास्त, हे तेव्हा कळलं.

आमची काठी जेमतेम वीस फुटांची. वर्षभर तिला केबलची वायर गुंडाळलेली असते, संध्याकाळी ती पोरांचा स्टंप होते. दर १४ ऑगस्टला वॉचमनकाका न सांगता शिडी लावायचे, कप्पीला तेल द्यायचे, दोरी ओढून बघायचे. गेल्या वर्षी ते गावी गेले होते. त्यांचं हे काम आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

यंदा १४ तारखेला ऑफिसमधून लवकर निघणार आहे. शिडी मी धरतो, काका शिकवणार आहेत. तुमच्या सोसायटीतली कप्पी शेवटची कधी तपासली होती, बॉस?