‘पर्टेन’ या क्रियापदाचा अर्थ व उपयोग

कचेरीच्या इंग्रजी कागदांत वारंवार येणाऱ्या ‘पर्टेन’ या क्रियापदाचा अर्थ कोशांत ‘संबंध असणें’ असा मिळतो. पण तेवढ्यानें त्याचा नेमका उपयोग उमगत नाहीं. त्याच्या मुळाशीं ‘धरणें’ या अर्थाचा लॅटिन धातु आहे. त्यावरून ‘जाऊन पोंचणें’ व पुढें ‘अंगभूत असणें’ हे अर्थ निघाले. मराठींतहि ‘विषयाला धरून बोलणें’ म्हणतात, तें याच अर्थानें. अशा बोलण्याला इंग्रजींत ‘पर्टिनंट’ हें विशेषण लागतें. उलट ‘इम्पर्टिनंट’ म्हणजे मूळचें ‘विषय सोडून असलेलें’. आज मात्र त्याचा रूढ अर्थ ‘उद्धट’ असा आहे.

धाराशिवकरांना ही कल्पना परकी वाटूं नये. 1948 पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता व तेथील दप्तर उर्दूंत चाले. तुळजापूर, परांडा, उमरगा यांच्या नांवापुढें लागणारा ‘तालुका’ हा शब्द अरबी ‘तअल्लुक’, म्हणजे संबंध, यापासूनच आला आहे. जीं गांवें एका ठाण्याशीं जोडलेलीं, त्यांचा मिळून तालुका.

प्रयोगाचे नियम थोडे आहेत. या क्रियापदापुढें ‘टु’ हें अव्यय हवें, आणि त्याचा कर्मणि प्रयोग होत नाहीं. कर्ता बहुधा कागद, नियम किंवा प्रश्न असतो, माणूस क्वचित्. ‘कन्सर्न’ या शब्दांत संबंधाबरोबर काळजीचीहि छटा येते. ‘पर्टेन’मध्यें ती नाहीं. ‘रिलेट’ दोन गोष्टींमधील कोणतेंहि नातें दाखवितें. ‘पर्टेन’ एक गोष्ट दुसरीच्या कक्षेंतली आहे असें सांगतें.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. 2023 सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. त्यांत उर्दू व मोडी दप्तरें उघडावीं लागलीं. पण जुन्या कागदावर ‘कुणबी’ शब्द आढळला, म्हणजे तो कागद अर्जदाराचा ठरत नाहीं. नोंदींतल्या व्यक्तीपासून अर्जदारापर्यंत वंशावळ जुळावी लागते. ती जुळली, तरच तो कागद अर्जदारापर्यंत पोंचतो. आणि ‘पर्टेन’चा मूळ अर्थ तोच आहे.