गावात माणसं किती आणि एस.टी. किती वाजता?

एखादं खेडं समजून घ्यायचं असेल तर दोन साधे प्रश्न विचारावेत. गावात माणसं किती? आणि एस.टी. किती वाजता येते? भंडारा जिल्ह्यात या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

२०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. पाचांपैकी चार माणसं खेड्यांत राहणारी. आधीच्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, भंडाऱ्याची मात्र ५.६५ टक्क्यांनीच. धानाची कापणी-मळणी आटोपली की अनेकांच्या हाताला काम उरत नाही. तरुण नागपूरची वाट धरतात आणि त्यातले काही तिथेच स्थायिक होतात.

नकाशावर जिल्हा चांगला जोडलेला दिसतो. मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो. मुंबई-हावडा रेल्वेही आहे. पण 'भंडारा रोड' स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे. 'तुमसर रोड' देव्हाडीला. पवनी तालुक्याच्या कडेने धावणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी २०१९च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली. महामार्गापासून आत असलेल्या गावांना आधार उरतो तो एस.टी.चा, नाहीतर काळी-पिवळीचा.

सोयी मिळतात त्या डोकी मोजून. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागातल्या वस्तीला पक्का रस्ता मिळायचा तर तिथे किमान ५०० माणसं हवीत. आरोग्य उपकेंद्र साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक. म्हणजे चारशे माणसांच्या टोल्यावरची बाळंतीण दुसऱ्या गावी जाणार, आणि तेही वाहन मिळालं तर.

इथे एक दुष्टचक्र सुरू होतं. बस नाही म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबं तालुक्याला बिऱ्हाड करतात. माणसं घटली म्हणून प्रवासी घटतात. प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद होते. मग उरलेलीही निघतात. मागे राहतात म्हातारे आईबाप आणि कुलूपबंद घरं.

याची सर्वांत मोठी किंमत मुली मोजतात. मुलगा सायकल मारत किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून हायस्कूलला जातो. मुलीला संध्याकाळी अंधारात परत यायचं असेल तर घरचे म्हणतात, राहू दे आता शाळा. सरकारने १७ मार्च २०२३पासून महिलांना एस.टी.त निम्मं तिकीट केलं. खेड्यातल्या विद्यार्थिनींना मोफत पासही आहे. पण जिथे बसच येत नाही, तिथे पास पेटीत ठेवून काय उपयोग?

आता येणारी जनगणना म्हणूनच महत्त्वाची आहे. २०२१ची गणना झाली नाही. नव्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. गणनेच्या सबंध काळात जो माणूस बाहेर असतो, तो जिथे राहतो तिथेच मोजला जातो. फेब्रुवारीत मजुरीला गेलेलं कुटुंब गावाच्या आकड्यात येत नाही. दोन-चार दिवसांसाठी पाहुणे गेलेले मात्र आपल्या घरीच मोजले जातात. त्यांची आणि नवजात बाळाची नोंद सुटू देऊ नका.

जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत प्रत्येक गावापुढे बस, रेल्वे, रस्ता यांची नोंद असते. गावात सोय नसेल तर ती ५ किलोमीटरच्या आत आहे, ५ ते १० वर आहे की त्याहून लांब, हेही लिहिलेलं असतं. आपल्या गावाचं पान काढून पाहा. चूक असेल तर ग्रामसभेत सांगा. बस हवी असेल तर शाळेच्या वेळा आणि ये-जा करणाऱ्या मुलींची संख्या लिहून ठराव करा आणि आगारप्रमुखांना द्या. त्या सभेला घरातल्या बायांनीही जावं. बसची वाट सर्वांत जास्त त्याच पाहतात.