नुसती कलमे वाचून वकिली येत नाही

प्रोग्रामिंग ही महागड्या क्लासमध्येच शिकायची विद्या आहे, असा समज आपल्याकडे आजही पक्का आहे. वास्तविक पायथॉन ही भाषा गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली जाहीर केली. ती मोफत मिळते आणि तिची अधिकृत माहितीपुस्तिका, म्हणजे डॉक्युमेंटेशन, हीसुद्धा मोफत वाचता येते. मग घरी बसून स्वतः शिकू पाहणारी मुले-मुली पहिल्या पंधरवड्यातच का थांबतात? बुद्धी कमी पडते म्हणून? मुळीच नाही! अनेकदा समोरचे लेखन त्यांच्यासाठी लिहिलेलेच नसते.

साधे उदाहरण घ्या. वय विचारायचे आणि त्यात १ मिळवायचा, एवढाच प्रोग्राम. विद्यार्थी २० टाइप करतो, २१ ची वाट पाहतो आणि पडद्यावर येते 'टाइपएरर'. कारण 'इनपुट'ने घेतलेले २० हे पायथॉनच्या लेखी संख्या नसून अक्षरे असतात. 'इंट' वापरून त्यांची संख्या केल्याशिवाय बेरीज होत नाही. इनपुट 'स्ट्रिंग' देते, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे. जाणकाराला तेवढे पुरते. नवख्याला मात्र स्ट्रिंग म्हणजे काय हेच ठाऊक नसते. तो स्वतःलाच मठ्ठ समजून उठून जातो.

दुसरे उदाहरण जुन्या नोट्सचे. पायथॉन २ मध्ये 'प्रिंट'पुढे कंस लागत नसे. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये तो सक्तीचा झाला. १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ ची देखभालही थांबली. जुनी नोट हाती पडलेल्याची पहिलीच ओळ चुकते. दोष त्याचा की आवृत्ती न लिहिणाऱ्याचा?

डॅनिएले प्रोसिदा यांनी अशा लेखनाचे चार प्रकार सांगितले आहेत: हाताला धरून शिकवणारा पाठ, विशिष्ट काम उरकण्याची कृती, संदर्भ आणि विवेचन. आम्हा वकिलांना हे चटकन पटते. संदर्भ म्हणजे बेअर अ‍ॅक्ट, कृती म्हणजे अर्जाचा नमुना, विवेचन म्हणजे कायद्यावरील भाष्यग्रंथ. आणि पाठ म्हणजे ज्युनियरला सोबत घेऊन कोर्टात उभे राहणारा सीनियर. नुसता बेअर अ‍ॅक्ट हाती देऊन कोणी वकील घडवत नाही. मग नवशिक्याच्या हाती नुसता संदर्भ का द्यावा?

पायथॉनचा अधिकृत पाठही आता स्पष्ट सांगतो की तो पायथॉनला नवीन असलेल्या प्रोग्रामरसाठी आहे, प्रोग्रामिंगलाच नवीन असलेल्यांसाठी नव्हे. हा प्रामाणिकपणा चांगला. पण मग अगदी नवख्यासाठी कोणी लिहायचे?

जो कालच शिकला त्याने! तज्ज्ञाला आपण कुठे अडलो होतो हे आठवत नाही, काल शिकलेल्याला आठवते. म्हणून स्वतः शिकणाऱ्यांनी वही ठेवावी. कोड नुसता वाचू नये, स्वतः टाइप करावा. चुकीचा संदेश आला तर आधी त्याची शेवटची ओळ वाचावी, कारण पायथॉन चुकीचा प्रकार तिथेच सांगतो. मग काय टाइप केले, कोणता संदेश आला, तो कशाने सुटला, हे त्याच दिवशी मराठीत लिहून काढावे. वर आवृत्ती आणि तारीख टाकावी. 'हे तर सोपेच आहे' असे शब्द टाळावेत, कारण अडलेल्याला ते टोचतात. शेवटी ते पान काहीच न येणाऱ्याच्या हाती द्यावे आणि शेजारी गप्प बसावे. तो जिथे अडेल, तिथे वाक्य आपले चुकले आहे.

ज्ञान कुलपात ठेवायचे मार्ग अनेक आहेत. पोथी लपवणे हा जुना मार्ग, न कळेल असे लिहिणे हा नवा. वाचकहो, आपण शिकलेले एक पान जरी पुढच्याला कळेल असे लिहिले, तरी एक कुलूप उघडते. ते पान आजच लिहायला घ्या.