धुरासाठी लाकूड कोणतं?

सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात मांस टिकवण्याची जुनी रीत धुराची नाही, उन्हाची: मीठ लावलेल्या मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात ही खाद्यपरंपरा सविस्तर आली आहे. धुराची चव द्यायची असेल तर मात्र लाकूड शेताच्या बांधावरच आहे.

बोर आणि चिंच ही सर्वांत भरवशाची. लाकूड कठीण, निखारा बराच वेळ धगधगणारा. चिंचेचा कोळसा तर पूर्वी बंदुकीच्या दारूसाठीही वापरत. पेरूचा धूर सौम्य, कोंबडीला शोभणारा. आंब्याचं लाकूडही चालतं, पण साल काढून; तिच्या चिकात त्वचेला झोंबणारी द्रव्यं असतात.

सांगोल्याकडे छाटणीनंतर डाळिंबाच्या काड्यांचे ढीग लागतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण या बागांवर फवारणी खूप होते, म्हणून त्या काड्या मांसाखाली जाळू नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात. धुराचा वास प्रामुख्याने त्यांचाच. ओलं लाकूड कोंदट, कडवट धूर देतं. काही महिने सावलीत वाळलेलं घ्या, आणि धूर पातळ, निळसर झाल्यावरच मांस ठेवा. रंग दिलेलं, पॉलिश केलेलं लाकूड नको. कण्हेर तर मुळीच नको, ती विषारी असते; तिची काडी शिगेसारखीही वापरू नये.